कुठला गार्ड?

सुरतेत लिंबायतला आमचा शिकवणीचा क्लास ज्या इमारतीत होता, तिच्या खाली दोन भाजीवाले गाड्या लावत. पहिल्या गाडीवाल्याने एकदा आमच्या इंग्रजी शिकवणाऱ्या देवरेबाईंना किडकी वांगी दिली. त्या परत करायला गेल्या तर चारचौघांत म्हणाला, "घरे जईने बदल्यां हशे, बेन." घरी जाऊन बदलली असतील म्हणे. बाईंनी वांगी त्याच्या गाडीवर ठेवली आणि वर येऊन मुलांना भूतकाळ शिकवायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारच्या गाडीवरून भाजी घेऊ लागल्या. घेऊन झाली की पहिल्या गाडीसमोर येऊन थांबायच्या. पिशवी खाली ठेवायच्या, कोथिंबिरीची जुडी बाहेर काढून झटकायच्या, परत ठेवायच्या आणि मग जिना चढायच्या. हे रोज. मी तिथे गणित शिकवायला लागले तेव्हा हा प्रकार कितीतरी वर्षं जुना झाला होता. शेवटी तो भाजीवालाच कंटाळला. एका संध्याकाळी त्याने कोथिंबिरीची मोठी जुडी फुकट पुढे केली आणि म्हणाला, "बेन, हवे तो माफ करो."

"माफ केव्हाच केलंय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बोलत नाही." आणि जुडी झटकली. शेजारच्याकडून घेतलेली.

अशा होत्या देवरेबाई. ठेंगण्या, काटक, पदर खांद्यावर पिनेने पक्का केलेला, हातावर कायम खडूची पांढरी साय. माणसं चिडली की आवाज चढवतात, बाईंचा उतरायचा. वर्गात त्या मोठ्याने ओरडत असल्या की पोरं खुशाल मस्ती करत. पुटपुटायला लागल्या की बाकांवर चिडीचूप. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला राग येत नाही का हो? तेव्हा म्हणाल्या, "राग नको ग. राग उतरतो."

त्या मूळच्या साक्रीकडच्या. सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या पट्ट्यात निम्मा खानदेश नांदतो. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. मी जालन्याची. बाईंची अहिराणी मला पहिल्या वर्षी धड कळत नसे आणि माझ्या 'चाल्लेय, बसलेय'ला त्या हसत. इंग्रजी मात्र त्या असं शिकवायच्या, की त्यांच्या खानदेशी उच्चारांना नाक मुरडणारे पालकही दुसऱ्या महिन्यात धाकट्याचं नाव घालून जायचे. त्यांची पद्धत अशी, की आठवड्याला एक शब्द घ्यायचा, पण अख्खा. "शब्दाला रस्त्यात भेटून ओळख होत नसते," त्या म्हणायच्या. "त्याच्या घरी जायचं. आईबाप कोण, पोरं किती, सोयरीक कुणाशी, भांडण कुणाशी, सगळं विचारायचं."

त्यांच्या सुडाची माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट म्हणजे उधन्याचा घरमालक. बाईंकडे गावाकडची माणसं उतरायची, म्हणून त्याने गच्चीवरच्या टाकीला कुलूप घातलं. बाईंनी भांडण केलं नाही, खोली बदलली. पुढे त्याच घरमालकाच्या सुनेला परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. ती बाईंकडेच आली. इतकं जीव ओतून बाईंनी कुणाला शिकवलेलं मी पाहिलं नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बोलवायच्या. ती पास झाली, नवऱ्याला घेऊन कॅनडाला गेली. घरमालक पेढे घेऊन क्लासवर आला आणि बाईंचे आभार मानता मानता मुलाचंच बोलत राहिला. एकुलता एक मुलगा होता त्याचा. बाईंनी पेढा खाल्ला. तो जिना उतरून गेल्यावर मला म्हणाल्या, "आता टाकीतलं पाणी एकट्याने पिऊ दे. नातू दिसेल फोनवर."

मला हसू आलं होतं. तेव्हा येत असे.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. घरात त्या आणि धाकटा भाऊ रवी. दोघांत चौदा-पंधरा वर्षांचं अंतर, आई लवकर गेलेली, त्यामुळे तो त्यांना आक्का म्हणायचा पण वागायचा लेकरासारखा. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या मिलमध्ये, तो मशीनवर होता. संध्याकाळची पाळी नसली की बाईंच्या आधी घरी येऊन कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायचा. "मन्ही माय करे तशी," असं म्हणून गरम भाकरी मलाही वाढायचा. आई करायची तशी. हातावर थापलेली, एकसारखी गोल, काठ कुठे चिरलेला नाही.

त्याला नोकरीला लावलं होतं बोरसेंनी. बोरसे त्या मिलमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर, बाईंच्याच तालुक्यातले. कामगारांशी ते अहिराणीतच बोलत, त्यामुळे पोरं त्यांच्यावर जीव टाकत आणि जास्तीची पाळी नाकारत नसत. बाईंच्या घरी येऊन त्यांनी रवीच्या हातची भाकरी खाल्लेली मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिथे होते. "अशा हात सोन्याना ऱ्हातस," म्हणाले होते.

मिलमध्ये चीनहून नवं मशीन आलं. ते बसवायला चेन नावाचा एक चिनी तंत्रज्ञ आला होता. कापड दोन जाड रोलरांमधून दाबून जायचं आणि त्या रोलरांपुढे लोखंडी जाळीचं झाकण होतं, हात आत जाऊ नये म्हणून. ते उघडलं की मशीन आपोआप थांबायचं. कापड अडकलं की झाकण उघडा, मशीन थांबलं, काढा, परत चालू करा. यात उत्पादन मागे पडायला लागलं. बोरसेंनी ते झाकणच काढून ठेवायला लावलं आणि मशीन न थांबता चालेल अशी वायर जोडून घेतली.

चेनने हे पाहिलं. त्याला इंग्रजी येत होतं मोजकं. तो रोलरांकडे बोट दाखवून ओरडायला लागला, "गार्ड! नो गार्ड! व्हेअर गार्ड?" बोरसेंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "अरे, वॉचमन को बुलाओ! साहब को गार्ड चाहिये." गेटवरचा म्हातारा वॉचमन काठी घेऊन धावत आला. अख्खं खातं हसलं. चेन लालबुंद होऊन आणखी ओरडला, तसे आणखी हसले. त्याचं काम संपलं होतं, लगेच त्याचं विमान होतं. तो गेला. त्याच आठवड्यात रवीचा उजवा हात कापडाबरोबर रोलरांत गेला.

मनगटापासून काढावा लागला.

हॉस्पिटलात मी बाईंबरोबर होते. रवी शुद्धीवर आल्यावर कण्हत नव्हता, बोलत सुटला होता. औषधांचा अंमल असेल. मशीनवरच्या गमती सांगत होता. त्यातच त्याने ही वॉचमनची गंमत सांगितली आणि सांगता सांगता हसला. बाई त्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तो कुठला गार्ड म्हणत होता, रवी?"

"वॉचमन. गार्ड म्हणजे वॉचमनच ना, आक्का."

"नाही," बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ओठांवरूनच कळलं.

गार्ड म्हणजे राखणदार, हे आपल्याला माहीत. पण इंग्रजीत मशीनच्या झाकणालाही गार्डच म्हणतात. चेन झाकण मागत होता. बाईंना पुढचा प्रश्न त्याच क्षणी पडला असणार, कारण मलाही पडला, की बोरसेंना हे ठाऊक नव्हतं? ज्यांनी झाकण काढायला लावलं त्यांना?

चौकशी झाली. बोरसेंनी सांगितलं, सफाई पटकन व्हावी म्हणून रवीने स्वतःच झाकण काढलं. कामगाराने स्वतः काढलं असेल तर भरपाई मिळत नाही. रवी खरं ते सांगत होता, पण बाकीची पोरं खाली मान घालून उभी. प्रत्येकाला आपली नोकरी होती. एकाने तेवढं धाडस करून सांगितलं, की चिनी साहेब गार्ड गार्ड ओरडला होता. बोरसे हसून म्हणाले, "हो, ओरडला होता. बाहेरची माणसं मशीन बघायला गर्दी करायची, म्हणून त्याला वॉचमन हवा होता. मी लगेच दिला. विचारा सगळ्यांना." सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी वॉचमनला धावत येताना पाहिलं होतं.

त्यानंतर बोरसे बाईंच्या घरी आले. सफरचंदं घेऊन. रवी भिंतीकडे तोंड करून पडला होता. बोरसे खुर्चीवर बसले, सफरचंदं टेबलावर ठेवून म्हणाले, "जे व्हयनं ते व्हयनं, ताई. इसरी जाय आते." झालं ते झालं, विसरून जा आता.

बाई म्हणाल्या, "मी इसरत नही."

एवढंच. दारापर्यंत पोचवायलाही गेल्या. सफरचंदं तिथेच टेबलावर राहिली, सुरकुतली, काळी पडली. फेकू दिली नाहीत. शेवटी वास यायला लागल्यावर मीच ती बाहेर नेली. आणि त्या घरात पुन्हा भाकरी झाली नाही. बाई करू शकत होत्या, पण करत नसत.

पुढे थोड्या महिन्यांनी कळलं, की पलसाण्याच्या बाजूला चिनी तंत्रज्ञ एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि मशीन विकणारा दलाल त्यांना कामापुरतं इंग्रजी शिकवायला कुणीतरी शोधतो आहे. क्लासमधलं कुणी तयार होईना. इतक्या लांब, रविवारचं, भाषेचा पत्ता नाही. बाईंनी हात वर केला. एकटीने जाणं बरं दिसत नाही म्हणून मला बरोबर घेतलं. मला वाटलं, त्यांना मन रमवायला काहीतरी हवं आहे.

फ्लॅटमध्ये सात-आठ जण होते. त्यातला लिऊ जाडा आणि हसरा, आणि मेई नावाची एक पोरगी, रंगांची तपासणी करणारी, जी सगळं लिहून घेई. पहिल्या रविवारी बाईंनी नमस्कार-चमत्कार केले नाहीत. फळ्यावर एक शब्द लिहिला. गार्ड.

मग चित्रं काढली. काठीवाला माणूस: गार्ड. आगगाडीच्या शेवटच्या डब्यात झेंडी घेतलेला: तोही गार्ड. रोलरांपुढची जाळी: तीही गार्ड. क्रिकेटवाल्याच्या पायाला बांधलेलं: गार्ड. राखणं या क्रियेलाही गार्ड. चिनी पोरं हैराण. लिऊ डोक्याला हात लावून म्हणाला, आमच्यात प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, तुमच्या इंग्रजांकडे शब्द कमी पडले काय! काठीवाला तो बाओआन. मशीनचं झाकण ते फांगहूजाओ. दोन्हीत काही म्हणजे काही नातं नाही.

बाई पुढे गेल्या. ऑन गार्ड म्हणजे सावध. ऑफ गार्ड म्हणजे गाफील. गार्डेड माणूस म्हणजे तोलूनमापून बोलणारा. सेफगार्ड म्हणजे आधीच करून ठेवलेला बंदोबस्त. आणि गार्डियन. इथे त्या थांबल्या, कारण मेईने विचारलं, गार्डियन म्हणजे मोठा गार्ड का? बाईंनी सांगितलं, नाही, आईबाप नसलेल्या मुलाला जो सांभाळतो तो. हॉस्पिटलच्या कागदावर जो सही करतो तो. मेईने मान हलवून आपल्या भाषेतला शब्द सांगितला, जिएनहूरेन, आणि मग वहीवर पेन आपटून म्हणाली, बघा, यात 'हू' आहे आणि मशीनच्या झाकणातही 'हू' आहे. हू म्हणजे राखणं. वॉचमनमध्ये मात्र नाही.

बाई हसल्या. अपघातानंतर पहिल्यांदा. मला मराठीत म्हणाल्या, "यांची भाषा माझ्या बाजूने साक्ष देईल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आपण इथे का आलो आहोत.

वर्गाच्या शेवटी त्यांनी आणखी एक चित्र काढलं. उघडे रोलर, बाजूला ओरडणारा माणूस, आणि काठी घेऊन धावत येणारा म्हातारा. लिऊ ते बघून खो खो हसला. "लाओ चेन! लाओ चेन!" म्हणजे आपला थोरला चेन. ही गोष्ट त्या सगळ्यांना माहीत होती. चेनने ती आपल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वतःची फजिती म्हणून सांगितली होती. रोलर उघडे दिसले म्हणून गार्ड मागितला तर काठीवाला आला. बाईही त्यांच्याबरोबर हसल्या. मग खडू पुसत विचारलं, तो चेन आता कुठे असतो?

व्हिएतनामला होता. सुरतेला परत येईल? येईल, इथल्याच सचिन गावच्या एका मिलचं मशीन ठरलं की.

बाई थांबल्या. किती थांबल्या असतील! प्रत्येक रविवारी आम्ही जायचो. त्या नवा शब्द शिकवायच्या. चार्ज, रन, सेट, ब्रेक. शिकवणं मन लावूनच. ती पोरं त्यांना लाओशी म्हणायची, म्हणजे गुरुजी. गुजराती शेजारी देवरेबेन म्हणायचे, आम्ही बाई, आणि तिथे लाओशी. जाताना दर वेळी एकच चौकशी, चेनची काही खबर?

अखेर तो आला. चाळिशी उलटलेला, सडपातळ, बोटं तंबाखूने पिवळी. लिऊने कौतुकाने त्याला वर्गात आणून बसवलं. मला वाटलं, बाई आता त्याला सगळं सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. रविवारमागून रविवार त्याला इतरांसारखं शिकवलं. गार्ड हा शब्द तर त्याच्याकडून इतका घोटून घेतला, की लिऊ चिडवायला लागला. शेवटी एका रविवारी बाईंनी त्याला जेवायला घरी बोलावलं.

रवीने दार उघडलं. डाव्या हाताने. चेनने हात मिळवायला उजवा पुढे केला होता, तो तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "माय ब्रदर. पलसाणा. युअर मशीन."

चेन बराच वेळ त्या मनगटाकडे बघत राहिला. मशीनचा मोडलेला भाग बघावा तसा, मागून, पुढून. मग रवीला विचारलं, "व्हिच रोलर?"

"सेकंड."

तो खाली बसला. खुर्ची होती, तरी जमिनीवर. म्हणाला, आय गो होम. आय थिंक, नॉट माय मिल. आणि पुन्हा तेच म्हणाला. नॉट माय मिल.

कुणीही अशा वेळी काहीतरी म्हणालं असतं, तुमचा काय दोष, तुम्ही तर ओरडला होतात. मी तोंड उघडलंही होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. त्यांनी त्याला धीर दिला नाही. पाण्याचा ग्लास समोर ठेवला आणि मऊ, उतरलेल्या आवाजात म्हणाल्या, "नेक्स्ट संडे, न्यू वर्ड. विटनेस."

बाईंनी रवीच्या भरपाईचा दावा कामगार न्यायालयात लावला होता, पण तिथे साक्ष देणं चेनला सोपं नव्हतं. त्याच्या कंपनीला गिऱ्हाईक म्हणून मिलवाले हवे होते. साक्षीला जाशील तर सुरतेचं काम विसर, असं त्याला सांगितलं गेलं. तरी तो आला. कामगार न्यायालयात दुभाष्याचा प्रश्न निघाला. बाईंना बोलता येईना, त्या रवीच्या बहीण. मिलने आणलेला दुभाषी म्हणजे तोच दलाल. चेन उभा राहून म्हणाला, "नो नीड. आय स्पीक." मला तेव्हा उमगलं, बाईंनी इतके रविवार कशासाठी खर्च केले ते.

मिलचे वकील हुशार होते. त्यांनी हसत विचारलं, "मिस्टर चेन, गार्ड वॉज रिमूव्हड. यस ऑर नो?" या प्रश्नात खोच होती, कारण त्या म्हाताऱ्या वॉचमनलाही नंतर कामावरून काढलं होतं. गार्डला काढलं होतं का? हो म्हटलं तर वॉचमनबद्दल बोलला असं ठरणार, नाही म्हटलं तर झाकण जागेवरच होतं असं.

चेन घाई न करता, एकेक शब्द ठेवत बोलला. "टू गार्ड. मॅन गार्ड, रिमूव्हड आफ्टर. कव्हर गार्ड, रिमूव्हड बिफोर. मॅन गार्ड हॅज टू हँड्स." त्याने रवीकडे बोट केलं. "ही हॅज वन."

न्यायाधीश लिहायचे थांबले. त्यांनी स्वतःच विचारलं, पण बोरसेंना तुमचं म्हणणं कळलं होतं कशावरून? त्यांनी तर गैरसमजाने वॉचमनला बोलावलं.

"ही अंडरस्टँड," चेन म्हणाला. "ओल्ड मॅन कम, विथ स्टिक. एव्हरीबडी लाफ. देन मिस्टर बोरसे पुट हँड हिअर," त्याने हवेत झाकणाची रिकामी जागा दाखवली, "अँड टेल मी, कल. कल." तो न्यायाधीशांकडे वळला. "हिंदी आय नो ओन्ली वन वर्ड. ऑल मिल से धिस वर्ड. कल." आणि मग त्याने साधा प्रश्न विचारला. "मॅन ऑलरेडी कम. व्हाय टुमॉरो?"

वॉचमन समोर उभा होता. मग उद्या काय देणार होते?

हे बाईंनी शिकवलेलं नव्हतं. 'कल'ची गोष्ट त्यांनाही तिथेच, आमच्याबरोबर पहिल्यांदा कळली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बोरसेंकडे बघत होत्या. बोरसे रुमालाने मान पुसत होते आणि बाईंची नजर अशी लागली होती, जशी दिवसभर उपाशी माणसाची ताटावर लागते. मला तिथे बसवेना.

निकाल रवीच्या बाजूने लागला. मिलमालकाने सगळं बोरसेंवर ढकलून त्यांना घरी बसवलं. वरून त्यांच्यावर फौजदारी खटला उभा राहिला, त्यात बाईही साक्षीदार होत्या. चेनला त्याच्या कंपनीने सुरतेला पुन्हा पाठवलं नाही. बाई त्याच्या मुलीला दर रविवारी फोनवरून इंग्रजी शिकवायला लागल्या. कुणी केलेला अपमान जसा त्या पक्का लक्षात ठेवत, तसे उपकारही.

रवीने लिंबायतलाच मोबाइलचं दुकान टाकलं. त्याचं लग्न झालं. बायको चांगली मिळाली. तो हसायला लागला होता, डाव्या हाताने लिहायला लागला होता, आणि कोर्टाचं नाव काढलं की उठून जायचा. एकदा माझ्यासमोर म्हणाला, "आक्का, बस कर आते."

"हात तुन्हा गया," बाई म्हणाल्या. "तू इसर. मी इसरत नही."

तो माझ्याकडे बघून कसनुसा हसला आणि दुकानात गेला. हात गेला होता त्याचा, तरी या कामात त्याचं मत त्या धरत नव्हत्या.

एका दुपारी क्लासवर बोरसेंची बायको आली. साधी बाई, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. पोरं सोडून दिलेली होती, आम्ही दोघीच होतो. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, खालून चहा मागवला. ती सांगत होती, नवी नोकरी कुणी देत नाही. मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. गावाकडे तोंड दाखवायला जागा नाही. "साक्ष मागे घ्या हो ताई. त्यांना झोप लागत नाही. उठून बसतात."

"रवीलाही लागत नसे," बाई म्हणाल्या. "बोटं खाजतात म्हणायचा. नसलेली. मी चादर खाजवायचे, तिथे हात आहे असं समजून."

ती बाई रडायला लागली. देवरेबाईंनी चहाची बशी तिच्याकडे सरकवली. "घ्या. निवतो." मग म्हणाल्या, "तुमच्यावर माझा राग नाही. त्यांच्यावरही नाही. पण मी साक्ष फिरवणार नाही."

ती गेल्यावर मी म्हणाले, "बाई, निकाल लागला, पैसे मिळाले, नोकरी गेली त्यांची. आता आणखी काय हवंय?"

त्या फळा पुसत होत्या. म्हणाल्या, "लोक तारखांना कंटाळतात. मी नाही कंटाळत. शिक्षा झाली तर भोगून एक दिवस सुटतील. तारीख आहे तोवर त्यांना माझ्यासमोर येऊन उभं राहायला लागतं." ओला फडका त्यांनी पिळला. "त्यांचे वकील पुढची तारीख मागतात ना, तेव्हा मला देवच पावतो."

मला त्या दिवशी हसू आलं नाही. त्या भाजीवाल्याचीही मला पहिल्यांदा दया आली. पण रवीच्या हातची भाकरी मीही खाल्ली होती. बोरसेंनीही खाल्ली होती. त्यामुळे बाईंना चूक म्हणायला माझी जीभ कधी उचलली नाही, आणि आजही उचलत नाही.

नवऱ्याच्या बदलीमुळे मी सुरत सोडली. निघण्याआधी निरोप घ्यायला घरी गेले तर रवीची बायको म्हणाली, आक्का कोर्टात गेल्यात, तारीख आहे. मग मी तिकडेच गेले.

कोर्टाच्या लांबलचक बोळातल्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला पोराला कडेवर घेतलेली कुणी बाई, दुसऱ्या बाजूला झोपलेला म्हातारा. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. क्लासला यायच्या तेव्हा मी त्यांना कधी गजरा माळलेलं पाहिलं नव्हतं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला बोरसे भिंतीला टेकून उभे. केस पांढरे झालेले, शर्ट अंगावर लोंबत होता. बसायला जागा होती, तरी ते बसले नव्हते. ती जागा बाईंच्या अगदी समोरच्या बाकावर होती.

मी बाईंशेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला, तब्येतीची चौकशी केली, नव्या गावात पाणी कसं आहे विचारलं. सगळं नेहमीसारखं, प्रेमाने. पण बोलताना नजर माझ्यावर नव्हती.

शिपायाने आतून बोरसेंचं नाव पुकारलं. बाई चटकन उठल्या, माझा हात सोडून, आणि त्यांच्या आधी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. अगदी चौकटीला लागून. दार अरुंद होतं. बोरसे आले आणि थांबले. बाई हलल्या नाहीत. त्यांनी मान वर करून बोरसेंकडे पाहिलं, जशा वर्गात उत्तराची वाट बघायच्या तशा. आतून पुन्हा पुकारा झाला. मग बोरसेंनी पोट आत ओढलं, अंग तिरपं केलं आणि भिंतीला घासत, बाईंना कुठेही स्पर्श होणार नाही असे, आत गेले.

बाईंनी गजरा चाचपला आणि त्यांच्यामागून आत गेल्या.